कॅलेंडरच्या पट्टीवरचा प्रश्न

बाई, शाळेच्या फाटकावर तुमचा फ्लेक्स लावलाय. तुम्हाला आवडला नसता. तुमचा फोटो कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापून घेतलाय. तुमच्या डाव्या खांद्याशी दुसऱ्या कुणाचातरी अर्धा खांदा तसाच राहिलाय. तुम्ही त्या फोटोत हसताय, कुणाशीतरी बोलताय, आणि खाली लिहिलंय 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्या खाली शोकाकुल लोकांची रांग. पहिला फोटो हे फ्लेक्स छापणाऱ्या बापूंचा, गॉगल लावलेला. तो तुमच्या फोटोपेक्षा थोडासाच लहान आहे.

मी फाटकाशी उभी राहून बराच वेळ त्या फ्लेक्सच्या मागच्या चित्राकडे बघत होते. सोनेरी चौकट, दोन्ही बाजूंना कमळं, वर पडद्यासारखी झालर. हे आपण कुठेतरी बघितलंय असं सारखं वाटत होतं. मग आठवलं. आठवीत मला न्हाण आलं तेव्हा चौकात माझा जो फ्लेक्स लागला होता, त्याच्यावर हीच कमळं होती. बापूंनी फक्त नाव आणि मजकूर बदललाय.

मला असं काही लिहायची सवय नाही. कॉलेजात मराठीचे सर म्हणाले, ज्या माणसाशी बोलायचं राहून गेलं त्याला लिही, बाकी आपोआप येतं. येतंय की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही वही तपासताना चुकलेल्या शब्दाला गोल करायच्या, खोडायच्या नाहीत. तसंच करा.

माझ्या त्या फ्लेक्सबद्दल तुमच्याशी मी कधीच धड बोलले नाही. तुम्ही तेव्हा नुकत्याच आमच्या शाळेत आला होता. पेठ वडगावच्या एसटीतून उतरून चौकातून चालत येताना तुम्ही तो बघितला असणारच. हिरवी साडी, मुंडावळ्या, हातात नारळ धरलेली मी. त्या दिवशी दारात मांडव होता, डॉल्बी होता. गावातल्या बायका ओटी भरून गेल्या. बापूंची बायको माझ्या तोंडात पेढा घालून म्हणाली, आता तू बाई झालीस. मांडव, डॉल्बी, फ्लेक्स सगळं बापूंच्या दुकानातलं. शाळा समितीवरही तेच. ज्यांनी ज्यांनी तो फ्लेक्स बघितला त्या प्रत्येकाला, पानपट्टीवरच्या माणसालासुद्धा, मला पाळी आली हे माहीत झालं. फक्त पाळी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, पोटात काहीतरी फाटलंय आणि हे लोक त्याचा सण करतायत.

पुढच्या वर्षी, नववीत, तुम्ही ते सांगितलंत. आणि त्याच लोकांनी त्याला 'घाण' म्हटलं.

हा शब्द मी नंतर फार ठिकाणी ऐकला. पण बापूंच्या तोंडून ऐकला तसा नाही. ते तो चघळून बोलायचे.

तुमचा शनिवारचा तास मला अजून आठवतो. नववीची मुलं-मुली सगळी एका वर्गात, आणि प्रत्येकाच्या शेजारी घरचं एक मोठं माणूस. एका शनिवारी आई, दुसऱ्या शनिवारी वडील. चिठ्ठ्यांसाठी तुम्ही आमच्याच गिरणीतून, माझ्या वडिलांकडून, एक जुना दळणाचा डबा मागून नेला होता. आण्णांनी त्याच्या झाकणाला छिन्नीने फट पाडून दिली. त्या डब्यात मुलांनीही चिठ्ठ्या टाकायच्या आणि मोठ्यांनीही. नाव घालायचं नाही. तासाला कुणीतरी पालकाने चिठ्ठी काढून वाचायची, आधी त्यानेच उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा, मग तुम्ही सांगायच्या. आणि एक नियम होता. चिठ्ठीचं उत्तर होईपर्यंत मोठ्यांनी उठायचं नाही.

पहिल्या शनिवारी आया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी वडील लोक आले ते खिडकीबाहेर बघत बसले. तुम्ही फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढलंत तेव्हा शेवटच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "बाई, आमाला म्हशीचं समदं ठाव हाय, ह्ये कशाला काढताय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "म्हशीची एवढी काळजी घेता ना, मग पोरीची घ्यायला किती वेळ लागणार तुम्हाला?" मग त्या काकांनी चष्मा लावला.

पाळी का येते, कधी डॉक्टरकडे जायचं, मुलांचा आवाज का फुटतो, रात्री कपडे ओले झाले म्हणून त्यांनी घाबरायचं का नाही, कुणी नको तिथे हात लावला तर कुणाला सांगायचं, नाही कसं म्हणायचं आणि समोरच्याने नाही म्हटलं तर ते कसं ऐकायचं. त्यात घाण काय होतं, मला आजही सापडलेलं नाही. मी शोधलंय, बाई. खरंच.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, वडिलांना कशाला बोलावता, आया बस्स की. तेव्हा तुम्ही तुमच्या लहानपणीची, कुरुंदवाडची गोष्ट सांगितलीत. तुम्हाला आई नव्हती. पाळी आली तेव्हा तुम्हाला वाटलं आपण मरणार. तीन दिवस कुणाला बोलला नाहीत. चौथ्या दिवशी वडिलांनी विचारलं, का गं जेवत न्हाईस. तुम्ही रडत सांगितलंत. त्यांनी तुम्हाला सायकलवर बसवून दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं, आणि नर्सबाई म्हणाल्या तुम्ही बाहेर थांबा, तर म्हणाले, मला ह्यातलं काय कळत न्हाय, पर मी हितं बसतो. "ते बसले म्हणून मी शिकले," तुम्ही म्हणालात. एवढंच. आणि डबा उचलून ऑफिसात गेलात.

आता ती चिठ्ठी.

आमच्या गिरणीत दळणाच्या डब्यांवर नावं लिहायला आण्णा जुनं कॅलेंडर वापरतात. महिना सरला की पान फाडायचं, त्याच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, कोऱ्या बाजूला नाव लिहून झाकणात अडकवायची. चौथीपासून ते नाव लिहायचं काम माझं. आण्णा दुसरीपर्यंत शिकलेत. डब्यात काय टाकायचं हे ठरवून मी घरी बसले तेव्हा वहीचं पान फाडायची भीती वाटली, पानं मोजलेली असतात. हाताशी पट्ट्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक घेतली आणि लिहिलं, 'एखादा मुलगा चांगला वाटला तर ते घरी कसं सांगायचं?'

खरं सांगते, कुणी मुलगा नव्हता. म्हणजे एक होता, पण तो दहावीत होता आणि त्याला माझं नावही माहीत नव्हतं. मला फक्त सांगायचं कसं ते हवं होतं. सांगण्यासारखं नंतर काहीतरी येईल, असं वाटायचं.

त्या शनिवारी चिठ्ठी काढली बापूंनी. त्यांनी ती उंच धरली, पेपर वाचतात तशी, आणि प्रत्येक शब्दावर थांबत, हसत वाचली. समोरच्या बाकावर आण्णा बसले होते. त्यांना चिठ्ठीची पाठ दिसत होती. पाठीवर लाल रंगात रविवारचे आकडे. मी आण्णांकडे बघितलं. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं, त्याच्यातून घाम उतरत होता. तुम्ही बापूंना म्हणालात, "सांगा, तुमच्या मुलीने असं विचारलं तर काय सांगाल?" बापू म्हणाले, माझी पोरगी असं इचारणार न्हाय, आन इचारलं तर पाय ऱ्हाणार न्हाईत. चारपाच जण हसले. मग आण्णा उठले आणि वर्गाबाहेर गेले. नियम मोडून उठलेला पहिला माणूस माझा बाप होता.

घरी आण्णांनी एवढंच विचारलं, ती चिठ्ठी तुझी का. मी म्हणाले, "बाईंनी सांगितलं तसं लिहिलं."

तुम्हाला मी हे पाच वर्षांत पहिल्यांदा सांगतेय. हात थांबतोय. पुन्हा लिहिते. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले. विचार करून नाही, तोंडातून आपोआप आलं, उंबऱ्याला ठेच लागल्यावर आई गं येतं तसं. पण आल्यावर ते मागेही घेतलं नाही.

सोमवारी बापूंनी अर्ज तयार केला. बाई मुलींना मुलांविषयी लिहायला भाग पाडतात, असं त्यात होतं. माझी पट्टी त्याला टाचली होती. पहिली सही आण्णांची. मला हेडसरांच्या खोलीत बोलावलं. तुम्ही खुर्चीत नव्हता, कपाटाला टेकून उभ्या होता. बापू फार गोड बोलले. "घाबरू नको बाळ. बाईंनीच लिहायला लावलं नव्हं?" मी आण्णांकडे बघितलं. ते आपल्या पायाच्या अंगठ्यावरचं पीठ बघत होते. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही, बाई. हनुवटी दोन बोटं खाली आणि वर.

तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या लिहायला मीच सांगते. तिची काही चूक नाही. तिला वर्गात जाऊ द्या."

मी दारापर्यंत गेले तेव्हा बापूंचं पुढचं वाक्य ऐकू आलं. "ह्या आमच्या घरच्या पोरी हायत, बाई. तुमच्या लोकांत चालत आसंल." हेडसर रजिस्टर चाळायला लागले. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. त्या टोपणाचा आवाज मला अजून येतो. त्या एका वाक्याची किळस मला आयुष्यभर पुरेल. पण ते बोलायला त्यांना जागा करून दिली ती माझ्या हनुवटीने, हेही मला माहीत आहे.

शनिवारचा तास बंद झाला. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा दहावीला नव्या सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला, आणि सोडताना मुलांच्या बाकांकडे बघून हसले. त्याच वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीचा साधा वाढदिवसाचा फोटो कुणीतरी वाईट मजकूर लिहून मोबाइलवर फिरवला. तिने तो पंधरा दिवस कुणाला सांगितला नाही. सांगायचं कसं, हेच तर त्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. घरी कळलं तेव्हा तिची शाळा बंद झाली. ज्याने फिरवला तो बोर्डाच्या परीक्षेला बसला. आणि बापू पारावर बसून म्हणाले, त्या बाईनं शिकवलं त्याचाच ह्यो परिणाम. तास बंद होऊन दहा महिने झाले होते. ते ऐकलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो तसाच मोरीत ओतला.

तुम्ही बदली मागून हातकणंगल्याच्या शाळेत गेलात. मी बारावी झाले, कोल्हापूरला बीएस्सीला आले. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं मी पहिलं माणूस. फॉर्म कसा भरायचा, हॉस्टेल कसं मिळतं, प्रॅक्टिकलचा कोट कुठे शिवतात, हे विचारायला माझ्याकडे फक्त तुमचा नंबर होता. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की आता आठवले का मी. राजारामपुरीतल्या तुमच्या घरी मी महिन्यातून एकदा यायचे. निघताना 'येतो बाई' म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी म्हणायच्या, "ये रे बाबा." आपल्याकडच्या पोरींच्या या पोरांसारख्या बोलण्याची तुम्हाला मजा वाटायची.

दर वेळी आपलं भांडण एकच. मी म्हणायचे, पालकांना बोलावलंत तिथेच तुम्ही चुकलात. फक्त मुलींना घेऊन दार लावून शिकवलं असतंत तर तास चालू राहिला असता. तुम्ही म्हणायच्या, "मला तू आठवड्यातून एक तास मिळणार. बाकीचा वेळ तू कुणाच्या घरात असतेस?" मी म्हणायचे, ती घरं तसलीच राहणार. तुम्ही म्हणायच्या, "राहतील. म्हणून त्यांना बसवायचं. समजलं नाही तरी बसवायचं."

शेवटच्या भेटीत मी चिडले. तुम्ही दमलेल्या दिसत होता, तेवढंही मला दिसायला हवं होतं. मी म्हणाले, "पालक वर्गात नसते तर मी..." आणि थांबले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तर तू?" मी म्हणाले, काही नाही. तुम्ही वाट बघितलीत. मग म्हणालात, "चहा घे, गार होतोय."

तुम्हाला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं. मला आज राग येतो तुमचा, खरं सांगू का. एकदा तरी विचारायचं होतंत. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. असं मी म्हणते. पण तो चहा मी प्यायले आणि 'येतो' म्हणून निघाले, हेही खरं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले तेव्हा तुमच्या यजमानांनी आतून दळणाचा डबा आणून दिला. म्हणाले, ही म्हणत होती, डबा अश्विनीच्या वडिलांचा आहे, परत द्यायचा राहिलाय. हलवला तर आत चिठ्ठ्या वाजल्या. मी उघडला नाही. उघडायची छाती झाली नाही.

मग परवा शाळेत शोकसभा झाली. हेडसरांनी मला मुद्दाम बोलावलं, कारण मी कॉलेजात गेलेली, बाईंची लाडकी. माझ्या आधी बापू बोलले. बाई आम्हाला आईच्या ठिकाणी होत्या, म्हणाले. बाईंनी आमच्या पोरींना घडवलं, म्हणाले. मध्येच आवाज दाटून आला त्यांचा. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते नाटक करतायत. तसं नव्हतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांना आठवतच नव्हतं काही. ते जास्त घाणेरडं होतं.

मी उठले. मी ठरवून गेले होते. सगळं सांगायचं, पट्टीसकट. समोर नववीच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्या मागे आण्णा. मी म्हणाले, बाई फार छान शिकवायच्या. बाई शिस्तप्रिय होत्या. बाईंच्या आत्म्याला शांती लाभो. आणि बसले. तीन वाक्यं. तिसरं तर तुम्हाला चाललंही नसतं. आत्मा आणि शांती असलं काही तुम्ही मानत नव्हता, आणि मी ते ऐकून ऐकून शिकलेलं पोपटासारखं बोलले. दोन मिनिटांची शांतता चाळीसएक सेकंदांत संपली. मग चहा आणि बिस्किटं. जाताना बापूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बाईंचं नाव काढलंस पोरी." त्यांच्या हाताला बिस्किटाचा चुरा होता. घरी येऊन मी डोकं धुतलं. दोनदा.

केस पुसत होते तेव्हा सायली आली. माझी धाकटी बहीण, तुम्ही बघितली होती तेव्हा तिसरीत होती. तिला गेल्या महिन्यात पाळी आली. बापू विचारून गेलेत, मांडव कधीचा धरू. सायली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दीदी, पोटात दुखतंय ते कायमचं आसतंय व्हय? कुणाला इचारू?"

आठवीतली पोरगी. तोच फ्लेक्स. त्याच कमळांवर आता तिचा फोटो लागणार.

मी डबा उघडला. बारा-चौदा चिठ्ठ्या होत्या, तशाच घडीच्या. तास बंद झाला त्या दिवशी ज्या उघडायच्या राहिल्या त्या. तुम्ही त्या पाच वर्षांत उघडल्या नव्हत्या. चिठ्ठी वर्गातच उघडायची, असं तुम्ही म्हणायच्या. त्यात एक पट्टी होती, लाल आकड्यांची. पण माझी तर अर्जाला टाचली होती. मी ती उलगडली. वर रेघ न दिलेली, एकेक अक्षर उभं केलेली लिपी. मी बाहेरगावी असते तेव्हा डब्यांवर असतं ते अक्षर. 'पोरगी मोठी झाली. तीच्या संग कस बोलाव. लाज वाटती.'

काल दुपारी मी गिरणीत गेले. आण्णा ज्वारी दळत होते. मोटार चालू असली की ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मला हे ओरडून सांगायचं नव्हतं. मी हाताने खूण केली, बंद करा. आण्णा दळण अर्ध्यात कधी थांबवत नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबवलं. पट्टा सावकाश थांबला.

"खोटं बोललतो मी, आण्णा. ती चिठ्ठी माझी मीच लिहिलती. बाईंनी काय सांगितलं नव्हतं."

"ठाव हाय."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. बाई काय शिकिवत्यात ते मीबी बसून ऐकलतं की."

मी विचारलं, मग सही का केली. आण्णा पोत्यावर बसले. हातावरचं पीठ झटकलं. मग सांगितलं. बापूंच्या हातात ती पट्टी बघून त्यांना आधी वाटलं होतं, आपलीच चिठ्ठी निघाली. बापू आता सगळ्यांसमोर वाचणार, गाव हसणार. मग माझा प्रश्न ऐकला. आता बापूंनी पाठ उलटून बघितली तर पट्टी कुठली ते कुणालाही कळेल, पोरीचं नाव गावभर होईल. "कुणाच्यातरी अंगावर टाकायचं व्हतं," ते म्हणाले. "बाई बाहेरच्या. त्यांच्या अंगावर टाकलं."

त्या क्षणी मला माझ्या बापाची किळस आली, बाई. त्यांच्या पिठाळ हातांची, खाली घातलेल्या मानेची. आणि लगेच कळलं की मी जे केलं ते याच कारणाने केलं, शब्दाचाही फरक नाही. घरातलं कुणी सापडू नये म्हणून आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकाच माणसाला पुढे ढकललं. जो माणूस आमच्यासाठी बसला होता त्यालाच.

मी पिशवीतून अर्ज काढला. शाळा समितीला लिहिलाय. त्या चिठ्ठीतला प्रश्न माझा स्वतःचा होता, बाईंनी सांगितलेला नव्हता, मी समितीसमोर खोटी मान हलवली, हे नोंदवून घ्यावं आणि पालकांसह शनिवारचा तास पुन्हा सुरू करावा. खाली माझी सही करायला पेन काढलं तर आण्णांनी हात पुढे केला. "पैली माजी. तवाबी पैली माजीच व्हती." त्यांनी हात शर्टाला पुसला, तरी सहीवर पीठ लागलं.

मग मी त्यांची पट्टी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. ओठ हलवत त्यांनी ती वाचली. "ही ऱ्हायलीच व्हय," म्हणाले. आणि मोटारीच्या बटणाकडे जायला उठायला लागले.

"उठायचं न्हाय, आण्णा. आदी माझ्या चिठ्ठीचं उत्तर द्या. बाईंचा नियम हाय."

दारात शेजारच्या गावचा एक माणूस गव्हाचा डबा घेऊन उभा होता. आण्णा गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवत नाहीत. ते त्याला म्हणाले, "थांबा पावणं जरा. घरचं बोलणं चाललंय." आणि पुन्हा पोत्यावर बसले. आवाजही बारीक केला नाही. त्या पावण्याने डबा खाली ठेवला आणि तोही ऐकायला लागला.

"एखादा पोरगा चांगला वाटला तर," आण्णा म्हणाले, आणि थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. "तर सांगायचं की. पर जेवण झाल्यावर. आदी सांगितलंस तर माज्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

बाई, माझ्या मनातली घाण गेली असं मी लिहिणार नाही. फाटकावरून जाताना मी अजून मान वळवते. बापू तो अर्ज दाबतील, हेही मला दिसतंय. तुम्हाला जे सांगायचं होतं ते मी गिरणीत सांगितलं, तुमच्या तोंडावर नाही, आणि ते आता कधीच होणार नाही. तुम्ही वाट बघितलीत आणि मी चहा प्यायले. हे मला पुसता येणार नाही.

पण भांडणात तुम्ही जिंकलात, एवढं कळवायचं होतं.

दळण संपवून आम्ही घरी गेलो. आई, आण्णा, सायली, मी, चौघं जेवायला बसलो. जेवण झालं. मी ताट उचलून मोरीकडे निघाले तेव्हा आण्णा म्हणाले, "बस की जरा." मग पाण्याचा तांब्या बाजूला सरकवून सायलीकडे बघितलं, म्हणजे तिच्या ताटाकडे बघितलं, आणि म्हणाले, "तूबी बस. पोटात दुखतंय म्हनं तुज्या? मला काय कळत न्हाय त्यातलं. पर सांग."